जुन्या घरातली पांढरी तार

मागच्या अंकात गिझरच्या लाइनीबद्दल लिहिताना एक वाक्य मी जाता जाता लिहून गेलो होतो : ‘घर जुनं असेल आणि आतली तार ॲल्युमिनियमची असेल, तर आधी जोड तपासून घ्या, मग गिझर लावा.’ त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली, तेवढी या सदरात मला कधीच आली नव्हती. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शाहूपुरी, राजारामपुरी, सगळीकडून. पावसाळा तोंडावर आलाय आणि भिंतीत ओल शिरली की हे जोड आणखी बिघडतात, म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय.

प्रश्न : आमचं घर शिवाजी पेठेत, सासऱ्यांनी १९७६ साली बांधलेलं. स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी लावली की माजघरातली ट्यूब मिणमिणते. गेल्या गणपतीत बोर्डाजवळ करपल्यासारखा वास यायला लागला म्हणून वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड नवा बसवला, आतली पांढरी तार आखूड पडत होती म्हणून तांब्याच्या वायरचा तुकडा पिळून वर टेप मारली. काही महिने बरं चाललं, आता परत तोच वास येतो. एमसीबी मात्र एकदाही पडलेला नाही. मग धोका आहे म्हणायचं का? – शिवाजी पेठेतून एक ताई

उत्तर : ताई, धोका आहे. एमसीबी पडत नाही म्हणून तो कमी होत नाही. तुमचं पत्र वाचल्यावर मी अंकाची वाट बघितली नाही, फोन करून तो बोर्ड आधी बंद ठेवायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे आलो. तुमची परवानगी आहे म्हणून तिथं जे दिसलं ते सगळ्यांसाठी लिहितो.

मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री केली आणि बोर्डाचे स्क्रू काढले. प्लेट पुढं ओढल्याबरोबर तो वास आला. प्लास्टिक आणि बेकेलाइट बराच काळ तापत राहिलं की येतो तो, थोडासा मासळीच्या अंगानं जाणारा, नाकात बसणारा. पिळ्यावरची टेप मधोमध काळी पडून करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी कडक झाली होती. ती नखानं सोलली. आत तांब्याच्या बारीक तारा एका जाड ॲल्युमिनियमच्या तारेभोवती गुंडाळलेल्या. तांबं जांभळट काळं झालेलं. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, बोटाला भस्मासारखी लागणारी. पिळा चिमटीत धरून हलवला तर सैल फिरला. हा पिळा गणपतीत पक्कडीनं घट्ट आवळलेला होता, हे तुम्ही स्वतः पाहिलं होतं.

त्याच बोर्डात स्विचच्या टर्मिनलमध्ये दुसरी एक पांढरी तार थेट घातलेली होती. स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि तार हातात आली. स्क्रूचं टोक जिथं दाबत होतं तिथं ती भोपळ्याच्या बीसारखी चपटी झाली होती आणि कडेला केसाएवढी चीर गेली होती. एक झटका दिला असता तर तिथंच तुटली असती.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. म्हणजे पुढं कुणी ‘टेप मारली की झालं’ म्हणालं तर तुम्ही त्याला थांबवू शकाल.

ॲल्युमिनियमची तार सोलली की पापणी लवायच्या आत तिच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही, पण विजेला तो अडवतो. ॲल्युमिनियमचं पातेलं वर्षानुवर्षं टिकतं ते याच पापुद्र्यामुळं. जोडात मात्र तोच मध्ये येतो. दुसरं, ही धातू मऊ आहे. स्क्रूखाली सतत दाबून ठेवली की ती हळूहळू बाजूला सरकते आणि सुरुवातीचा दाब राहत नाही. तिसरं, तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त फुगतं, आणि पोलादाच्या स्क्रूपेक्षा जवळजवळ दुप्पट. तुम्ही सकाळी शेगडी लावता, तार तापते, फुगते, जागा नाही म्हणून स्क्रूखालून कडेला पसरते. शेगडी बंद झाली की गार होते, आकसते, आणि पसरलेला भाग काही परत येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ हे चालू. जोड दिवसागणिक थोडा थोडा सैल होत जातो, सैल झाला की जास्त तापतो, जास्त तापला की आणखी सैल. आणि चौथं, तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना उघडे टेकले आणि मध्ये ओल आली, तर ॲल्युमिनियम झिजतं. बॅटरीच्या सेलमध्ये जे चालतं तेच तिथं बारीक प्रमाणात चालतं. ती पांढरी भुकटी त्याचीच. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर भिंती कशा असतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता एमसीबीचं. तुमची शेगडी २००० वॉटची, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर करंट. एमसीबी १६ चा. त्याच्या दृष्टीनं सगळं व्यवस्थित आहे. पण त्या सैल पिळ्याचा अडथळा समजा नुसता ०.३ ओहम झाला, तरी त्या एका बिंदूवर जवळपास २३ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे झाळकामाला जी सोल्डरिंग आयर्न वापरतात ती साधारण २५ वॉटची असते. तशी एक आयर्न तुमच्या बोर्डाच्या डब्यात, टेपमध्ये गुंडाळून, शेगडी चालू आहे तोवर तापत ठेवलेली आहे असं समजा. व्होल्टेज तिथं फक्त अडीच व्होल्टच्या आसपास पडतं, शेगडीला त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबी करंट जास्त झाला तर पडतो. आरसीसीबी करंट बाहेर गळला तर पडतो. इथं करंट जास्तही नाही आणि गळतही नाही. गरम जोड या दोघांनाही दिसत नाही. तो कळतो तुमच्या नाकाला, मिणमिणणाऱ्या ट्यूबला आणि कोमट लागणाऱ्या प्लेटला. तुमच्या घरी माजघराचा न्यूट्रल स्वयंपाकघरातल्या याच बोर्डातून लूप करून नेला होता, म्हणून इथला जोड हलला की तिथली ट्यूब लुकलुकायची. जुन्या घरांत बोर्डातून बोर्डात असेच लूप असतात, त्यामुळं खोड एका खोलीत आणि लक्षण दुसऱ्या खोलीत, असं हमखास घडतं.

हे मी तुमच्या वायरमनला नावं ठेवायला लिहीत नाही. उद्यमनगरात शिकायला लागलो तेव्हा मलाही पिळा आणि टेपच शिकवली होती. मंगळवार पेठेतल्या एका घरात मी असाच जोड दिला होता, सहा वर्षांनी तो बोर्ड रात्री पेटला. घरातली आजी जागी होती म्हणून मेन पाडला गेला, पडदा जळाला, भिंत काळी झाली, माणसं सुखरूप राहिली. दुसऱ्या दिवशी त्या बोर्डाची राख उकरताना माझ्याच हातचा पिळा मला ओळखू आला. त्या दिवसापासून मी तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळलेलं नाही आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाही पोराला पिळू दिलेलं नाही.

तुमच्याकडे काय केलं ते सांगतो. काळवंडलेली तार चकचकीत धातू लागेपर्यंत मागं कापली. आवरण सोलताना पक्कडीनं गोल दाबून ओढायचं नाही, त्यानं तारेवर खाच पडते आणि खाचेपाशी ॲल्युमिनियम तुटतं. पेन्सिल तासतात तसं पातं आडवं धरून सोलायचं. मग उघड्या तारेवर ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावली आणि पेस्टसकट बारीक पॉलिश पेपरनं घासली. पेस्ट आधी, घासणं नंतर, हा क्रम महत्त्वाचा. कोरडी घासली तर घासून हात काढेपर्यंत नवा पापुद्रा धरलेला असतो. नंतर कनेक्टर. त्याचं अंग कथलाचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचं, प्रत्येक तारेला वेगळं भोक आणि वेगळा स्क्रू, म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतच नाहीत. कनेक्टर घेताना तो दोन्ही धातूंसाठी आहे हे त्याच्यावर किंवा खोक्यावर छापलेलं बघूनच घ्या. साधी पितळी कनेक्टरची पट्टी या कामाची नाही. स्क्रू टॉर्कच्या पेचकसानं, बनवणाऱ्यानं दिलेल्या आकड्याइतकाच आवळला. हाताच्या अंदाजानं आवळला तर कमी पडतो, नाहीतर मऊ तार चिरडते. कनेक्टरमधून तांब्याची छोटी शेपूट काढून ती स्विचला दिली. जुना डबा उथळ होता, म्हणून खोल डबा बसवला. जोड कधीही प्लॅस्टरच्या आत गाडायचा नाही, झाकण उघडून बघता आला पाहिजे.

शेवटी शेगडी अर्धा तास पूर्ण तापवून जोडाचं तापमान बघितलं. आजूबाजूच्या तारेइतकंच होतं, तेव्हा झाकण लावलं.

झाळून घेतलं तर चालेल का, असं तुमच्या मिस्टरांनी विचारलं होतं. नाही. नेहमीचं शिसं-कथलाचं झाळकाम ॲल्युमिनियमला धरत नाही, त्याच पापुद्र्यामुळं. आणि दर वर्षी स्क्रू आवळून घेणं हाही उपाय नाही. प्रत्येक आवळण्याला तार आणखी चपटी होते. जोड एकदाच, नीट नवा करायचा.

ताई, एकच बोर्ड दुरुस्त झालाय. तुमच्या घरात अजून अकरा आहेत आणि तारेचं वय सगळीकडे तेवढंच आहे. ते दुरुस्त होईपर्यंत शेगडी याच बोर्डावर लावा, इस्त्रीही दुसऱ्या कुठल्या बोर्डावर लावू नका.

प्रश्न : बोर्ड उघडल्यावर तार पांढरी दिसली म्हणजे ती ॲल्युमिनियमचीच, असं धरून चालायचं का? – राजारामपुरी

उत्तर : नाही, आणि हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. फार जुन्या रबरी आवरणाच्या वायरमध्ये तांब्याला कल्हई केलेली असायची, कारण रबरातलं गंधक तांब्याला खातं. पितळी पातेल्याला आतून करतात तशीच कल्हई. वरून पांढरी, आत तांबडी. मेन बंद करा. टेस्टर आधी दुसरीकडच्या चालू पॉइंटवर लावून तो पेटतो का बघा, मगच बंद बोर्डावर लावून करंट नसल्याची खात्री करा. मग तारेच्या टोकाला पात्यानं हलकी ओरखड द्या. लाल झाक दिसली तर तांबं. आतपर्यंत पांढरीच राहिली आणि एकच जाड, हलकी, सहज वाकणारी तार असेल, तर ॲल्युमिनियम.

आवरणावर किंवा जुन्या बिलात १/१.४०, १/१.८० असे आकडे दिसले तर ते म्हणजे एक तार, इतक्या मिलिमीटर जाडीची. १/१.४० म्हणजे सुमारे दीड चौरस मिलिमीटर, १/१.८० म्हणजे अडीच. वायरमनच्या जुन्या तक्त्यात या तारांना अनुक्रमे १० आणि १५ अँपिअर दिलेले आहेत. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं, म्हणून तेवढ्याच कामाला तार जाड घ्यावी लागते. ज्या काळात ही घरं बांधली तेव्हा तांबं परदेशातून येई, महाग आणि टंचाईचं होतं. ज्यांनी ही वायरिंग केली त्यांनी त्या वेळचं मिळणारं सामान वापरलं. तेव्हा घरात चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ होता.

प्रश्न : एसी लावल्यापासून १६ चा एमसीबी सारखा पडायचा. वायरमननं ३२ चा बसवला. आता पडत नाही. वायरिंग जुनं, ॲल्युमिनियमचं आहे. चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. आजच एसी बंद करा आणि उद्या १६ चा एमसीबी परत बसवून घ्या. एमसीबी एसीसाठी नसतो, भिंतीतल्या तारेसाठी असतो. १५ अँपिअरची तार ३२ च्या एमसीबीमागं ठेवली म्हणजे तार जळेल पण एमसीबी पडणार नाही. एसीला मेन बोर्डापासून तांब्याची वेगळी लाइन ओढा. या प्रश्नाला याहून लांब उत्तर नाही.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत १९६९ सालचं घर घेतोय. तपासणी करणाऱ्यानं अहवालात ॲल्युमिनियम वायरिंग असल्याचं लिहिलंय. मुलगा म्हणतो घाबरण्यासारखं नाही, इथं अशी लाखो घरं आहेत. आम्ही दोघं इथून काळजीत आहोत. – राजारामपुरी

उत्तर : मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तिथं साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांब्याचे भाव चढले होते आणि त्या काळातल्या असंख्य घरांत स्विच-प्लगपर्यंतची तार ॲल्युमिनियमची टाकली गेली. पण घाबरायचं नाही म्हणजे दुर्लक्ष करायचं, असं नाही. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं याचा अभ्यास करून घेतला, त्यात १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियम वायरिंगच्या घरांत एखादा तरी जोड आग लागण्याच्या स्थितीला पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट जास्त निघाली. तुमच्या मुलाचं घर नेमकं त्यातलं.

एक गोष्ट आपल्याकडे सहसा लक्षात येत नाही. तिथं घरात १२० व्होल्ट असतात. म्हणजे १५०० वॉटचा हीटर आपल्याकडे साडेसहा अँपिअर घेतो, तिथं साडेबारा. जोडाची उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, त्यामुळं तोच हीटर तिथल्या जोडाला जवळपास चौपट तापवतो.

तो आयोग तीनच उपाय कायमचे मानतो. एक, घराची संपूर्ण वायरिंग तांब्याची करणं. दुसरा, कोपालम नावाची पद्धत, यात खास यंत्रानं प्रचंड दाब देऊन तांब्याची शेपूट ॲल्युमिनियमला न तापवता कायमची सांधतात, आणि ते काम त्याचं प्रशिक्षण घेतलेलेच लोक करतात. तिसरा, अलुमिकॉन नावाचा कनेक्टर, वर शिवाजी पेठेच्या ताईंच्या उत्तरात सांगितला तसाच, प्रत्येक तारेला वेगळं भोक आणि मोजून आवळायचा स्क्रू. जांभळ्या रंगाच्या पिळायच्या टोप्या तिथल्या दुकानात सर्रास मिळतात, त्या आयोग कायमची दुरुस्ती म्हणून धरत नाही. ‘सीओ/एएलआर’ छापलेले, म्हणजे ॲल्युमिनियमची तार चालते असे, स्विच-प्लग बसवणं हाही अपुरा उपाय आहे, कारण छताच्या डब्यांतले जोड त्यानं सुटतच नाहीत.

मुलाला सांगा, सौदा करायच्या आधी या कामाचा खर्च लेखी काढून घे आणि विमा कंपनीला ॲल्युमिनियम वायरिंगबद्दल आधीच विचार. काम घरातल्या प्रत्येक जोडाचं व्हायला हवं. मोजके चार प्लग करून ‘दुरुस्त केलं’ म्हणणारा ठेकेदार नको. तुमची काळजी रास्त आहे, आणि घर घेऊच नये असंही नाही.

प्रश्न : आमच्या शाहूपुरीतल्या घरात २०१९ ला आणि परत २०२१ ला पुराचं पाणी बोर्डाच्या वर गेलं होतं. दोन्ही वेळा बोर्ड उघडून वाळवले, ब्लोअर मारला, परत लाइट चालू केली. वायरिंग जुनं ॲल्युमिनियमचं. आता काही बोर्डांतून बारीक चुरचुर ऐकू येते.

उत्तर : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागली की तुमच्या गल्लीत लोक रात्रभर जागे असतात, हे मला माहीत आहे. पूर ओसरल्यावर घरात लाइट यावी, मोटर लावून गाळ धुता यावा, यासाठी माणूस किती उतावीळ होतो तेही मी दोन्ही वर्षी बघितलंय. पण बोर्ड वाळतो तो वरून. ॲल्युमिनियमच्या जोडात गाळाचं पाणी एकदा शिरलं की ते आत झिज सुरू करून जातं आणि ती पुढं वर्षानुवर्षं चालू राहते. चुरचुर म्हणजे त्या जोडात बारीक ठिणगी उडतेय. ते बोर्ड आजपासून बंद ठेवा.

तुमच्या बाबतीत मी जोड दुरुस्त करायचा सल्ला देणार नाही. पुराच्या रेषेखालची सगळी वायरिंग काढून तांब्याची नवी करा. आणि या वेळी लाइनी छताच्या बाजूनं खाली उतरवा, बोर्ड २०२१ च्या रेषेच्या वर घ्या. दिसायला विचित्र वाटेल, प्लग छातीच्या वर येतील, पण गल्लीत आता बऱ्याच घरांनी तसं केलंय. तळघराची किंवा जोत्याजवळची मोटर वेगळ्या एमसीबीवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागं घ्या. पाण्यात बुडालेले स्विच, प्लग, एमसीबी वाळवून परत वापरायचे नाहीत. नवी वायरिंग चालू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे तारेचं आवरण तपासायच्या यंत्रानं, तपासून घ्या, एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर लाइन चालू करू नका. मेगर मात्र आवरण तपासतो, जोड नाही. मेगर चांगला आला म्हणून जोड चांगले, असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका.

पाणी चढायला लागलं तर मेन कोरडा असतानाच पाडा. पाय पाण्यात असतील तर मेनला हात लावू नका, महावितरणला कळवून खांबावरूनच लाइन बंद करून घ्या.

प्रश्न : खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायरही ॲल्युमिनियमचीच आहे. ती तांब्याची करून घ्यावी का? – मंगळवार पेठ

उत्तर : गरज नाही. डोंगरातून येणाऱ्या मोठ्या वाहिन्यासुद्धा ॲल्युमिनियमच्याच असतात, मधोमध पोलादाच्या तारा आणि बाहेरून ॲल्युमिनियमच्या. वजनाला हलकी, भावाला परवडणारी, लांब अंतराला तिच्यासारखी तार नाही. ॲल्युमिनियम वाईट धातू आहे असं माझ्या लिहिण्यातून कुणाला वाटलं असेल तर ते चूक आहे. तारेच्या मधल्या लांबीत काही बिघडत नाही, बिघडतं ते टोकाला. सर्व्हिस वायर जाड असते आणि तिच्या टोकाला योग्य लग, म्हणजे जोडासाठीची धातूची टोपी, दाबलेला असला की ती आयुष्यभर चालते. मीटरच्या पेटीतून वास आला, टर्मिनल काळं दिसलं किंवा घरभर लाइट कमी-जास्त व्हायला लागली, तर सील तोडू नका, ते काम महावितरणचं आहे. १९१२ वर तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. घर चाळीस वर्षांपूर्वीचं, सगळी वायरिंग ॲल्युमिनियमची. एकदम सगळं नवं करणं पेन्शनमध्ये बसत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : सर, तुमच्यासारखीच परिस्थिती निम्म्या पत्रांत आहे, म्हणून तुमचं पत्र शेवटी ठेवलं.

सुरुवात जास्त करंटपासून करा. गिझर, एसी, इंडक्शन, इस्त्री, पाण्याची मोटर, एवढ्यांच्या लाइनी आधी तांब्याच्या करा. गिझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची, बाकीच्यांना अडीचची, प्रत्येकाला हिरवी अर्थिंगची तार सोबत. या लाइनी थेट मेन बोर्डापासून, स्वतःच्या एमसीबीवर, आणि वाटेत जुन्या तारेला कुठंही न जोडता. भिंत फोडायची नसेल तर केसिंग-कॅपिंगमधून न्या. कोपऱ्यातून नीट नेली तर ती पट्टी डोळ्यावर येत नाही.

एवढं झालं की जुन्या तारेवर फक्त लाइट आणि पंखे राहतात. तुमच्या घरात नऊ-नऊ वॉटचे दहा एलईडी आणि पाऊणशे वॉटचे चार पंखे एकदम चालले तरी करंट दोन अँपिअरच्या आत असतो. जोडाची उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, तशीच ती कमीही होते. एवढ्यानं घर पूर्ण निर्धोक होत नाही, पण जिवावरचं संकट बरंच लांब जातं. जुन्या लाइनींचे एमसीबी कमी क्षमतेचे करून घ्या, १/१.४० असेल तर ६ चा, १/१.८० असेल तर १० चा. म्हणजे जुन्या तारेवर तिच्या क्षमतेपेक्षा जास्त भार टिकून राहणार नाही. पण कुणी चुकून पंख्याच्या बोर्डावर हीटर लावला तर एमसीबी लगेच पडेलच असं धरू नका. म्हणून त्या बोर्डांवरचे प्लगचे पॉइंट बंदच करून टाकले तर उत्तम.

तुमच्या पत्रात ‘तीन पिनचे प्लग आहेत पण शॉक लागतो’ असं वाक्य आहे. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला तारच नसते, नुसतं भोक असतं. नव्या लाइनींसाठी अर्थिंगचा खड्डा आधी करा आणि मेनला आरसीसीबी बसवा. तुम्ही आणि वहिनी दोघंच घरात असता, ओल्या हातानं गिझरचं बटण दाबलं जातं. खरं तर हे काम तार बदलण्याच्याही आधीचं आहे.

नंतर दर वर्षी एक खोली. रंग द्यायच्या आधी त्या खोलीची वायरिंग घ्या, म्हणजे भिंत दोनदा खराब होत नाही. पाइपमधून नवी तार ओढताना जुनी ॲल्युमिनियमची तार दोरीसारखी वापरू देऊ नका, ती मध्येच तुटते आणि पाइप अडतो. स्प्रिंग टाकूनच ओढायला लावा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि प्रत्येक बोर्ड झाकण्यापूर्वी तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. तुम्ही आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्यात, ही तपासणी तुम्हाला जड जाणार नाही.

आणि एक जाड कागद घ्या. त्यावर कुठली लाइन तांब्याची झाली, कुठली अजून ॲल्युमिनियमची आहे, दोन्ही जिथं मिळतात ते डबे कुठं आहेत, हे तुमच्या सुवाच्य अक्षरात लिहा, तारीख घाला आणि मेन बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवा. खोली झाली की त्यात भर घालत जा.